एकादशीला न चालणारी कॉफी

"काय जाळायलास रे तिकडं?"

आत्याचा आवाज देवघरातून आला. मी मागच्या पडवीत चुलीवर लोखंडी कढई ठेवून वाटीभर तांदूळ भाजत बसलो होतो. तांदूळ आधी खडूसारखे पांढरे झाले, मग दोन-चार तडतडून कढईबाहेर उडाले, मग गव्हाळ झाले, मग खारकेच्या रंगावर आले. मला त्याच्याही एक पायरी पुढे जायचं होतं, आणि नेमका तिथेच वास घरभर गेला.

"जाळत नाही गं, भाजतोय. कॉफीसाठी."

"कॉफी संपली का? मंग सांगायचं. औंढ्याहून आणवली असती."

"कॉफी आहे. तांदूळ आणि कॉफी मिळून करायचंय."

आत्या जपमाळ हातात घेऊनच बाहेर आली. कढईत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजेवर बसली. ती बाजेवर बसली की विषयाला सुरुवात झाली, हे या घरातल्या मांजरालाही कळतं.

सिद्धेश्वर म्हणजे पूर्णा नदीवरचं धरण आणि त्याच्या आधाराने वसलेलं गाव. हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका. वरच्या अंगाला जिंतूरकडे येलदरी, खालच्या अंगाला हे. येलदरीत पाणी वीज करून सुटतं, सिद्धेश्वर ते अडवून कालव्यात घालतं. दोन्ही धरणं १९६८ सालची. आत्या लग्न होऊन इथे आली तेव्हा मातीची भिंत अजून चढत होती, आणि मामा, म्हणजे तिचे यजमान, पाटबंधारे खात्यात नुकते लागले होते. भिंत सहा किलोमीटरहून लांब आहे. आत्याच्या पडवीतून तिचा एक तुकडा दिसतो, आणि पाहुण्याला तो दाखवल्याशिवाय चहा मिळत नाही.

चहा म्हणालो, कारण इथे पाहुण्याला चहाच. कॉफी हा प्रकार या मुलखात पाहुण्यासारखाच येतो आणि जातो. आणि खरं सांगायचं तर भाताचंही तसंच होतं. हा ज्वारीचा मुलूख. आत्याच्या माहेरी, म्हणजे माझ्या आजोळी नव्हे, माझ्या स्वतःच्या घरी, भात शिजायचा तो सणाला, पंगतीला, नाहीतर कुणी आजारी पडलं तर. रोजच्या ताटात भाकरी. तेव्हा तांदूळ आणि कॉफी ही जोडी जमवायला मी जगातली सगळ्यांत गैरसोयीची जागा निवडली होती, हे मला मान्य आहे.

"आता सांग," आत्या म्हणाली, "हे कुठून शिकून आलास?"

"तंजावरहून निघालं सगळं."

तंजावर म्हटल्यावर तिने माळ बाजूला ठेवली. मी गेल्या वर्षी तिथे सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद पाहायला गेलो होतो, हे तिला माहीत होतं. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तिथे गादी घातली, १८५५ मध्ये इंग्रजांनी ती खालसा केली, पण मराठी घरं तिथेच राहिली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावाने 'सरभेंद्र पाकशास्त्र' नावाचं पाकशास्त्राचं पुस्तक त्या ग्रंथालयाने छापलंय. तिथल्या एका मराठी घरात मी आठवडाभर जेवलो. त्यांची मराठी आपल्याला अर्धी कळते, डांगर पच्चडी पूर्ण कळते. उडदाच्या पिठाची, दह्यातली. तिन्ही त्रिकाळ भात, कारण कावेरीच्या खोऱ्यात दुसरं पिकतं काय. आणि दिवसाची सुरुवात पितळी गाळणीतल्या कॉफीने. जवळच्या कुंभकोणमची 'डिग्री कॉफी' तर मद्रासेपर्यंत गाजलेली.

"मंग ते भातात कॉफी घालत्यात?"

"नाही. आधी कॉफी, मग इडली, मग भात."

"शेजारी शेजारी."

"शेजारी शेजारी."

"मंग तू आत कामून घालायलास?"

हा प्रश्न तिने इतक्या लवकर विचारला की माझी पुढची दहा मिनिटं त्याच्याभोवती फिरण्यात गेली. मी तिला कोडगूचं सांगितलं. तिथे दोन डोंगरांच्या मधल्या सपाटीला भातखाचरं आणि उतारावर झाडांच्या सावलीत कॉफी. घरात अक्की रोटी, म्हणजे तांदळाची भाकरी, आणि तिच्याबरोबर गुळाची काळी कॉफी. आत्याला ती भाकरी आवडली, गुळाची कॉफीसुद्धा पटली. पण मुद्दा तिने सोडला नाही. "तिथंबी खाचर खाली, मळा वर. एकात एक नाही."

मग मी हुकमाचं पान काढलं. तमिळ मुलखाचे इतिहासकार आ. इरा. वेंकटाचलपती यांनी 'इन दोज डेज देअर वॉज नो कॉफी' या २००६ च्या पुस्तकात लिहिलंय की कॉफी येण्याआधी तिथल्या घरांत सकाळी नीरागारम प्यायचे. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं, सकाळी ते आंबूस झालेलं पाणी प्यायचं आणि शेतावर जायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला आणि विसाव्याच्या सुरुवातीला कॉफीने त्याची जागा घेतली. त्यावर तेव्हा मोठी ओरड झाली. कॉफीने अंगातला जोर जाईल, बायका बिघडतील, पैसा जाईल. आज त्याच कॉफीवाचून तिथे पाहुणचार पुरा होत नाही.

"म्हणजे बघ," मी म्हणालो, "भाताचं पाणी आणि कॉफी यांचं भांडण जुनंच आहे. कॉफीने तांदळाला सकाळच्या पेल्यातून हाकललं. मी दोघांना परत एका पेल्यात आणतोय."

आत्या हसली. "आधी सवत आणली, तिनं पहिलीला घराबाहेर काढलं, आणि आता तू दोघींला एकाच खोलीत नांदवायलास. नांदतील होय?"

तिच्याकडे कॉफीचा अनुभव माझ्यापेक्षा जुना आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. धरणाच्या कॅम्पात एक दक्षिणेकडचे साहेब होते. सगळे त्यांना मद्रासी म्हणायचे, प्रत्यक्षात ते कुठले होते कुणास ठाऊक. त्यांच्या बायकोने नव्या नवरीला, म्हणजे आत्याला, घरी बोलावून स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली. पेला वाटीत ठेवलेला. आत्याला वाटलं वाटीतलं वेगळं काही असेल. ती वाटी रिकामी पाहून तिला इतकी लाज वाटली की कॉफीची चव तिला आजही आठवत नाही, वाटी आठवते. नंतर घरी मामांनी डबा आणला आणि मग आपल्याकडे करतात तशी कॉफी झाली. दूध, साखर, वेलदोडा, वर जायफळ किसून.

(आपल्या मराठी कॉफीचं मला नेहमी कौतुक वाटतं. कॉफी झोप उडवते म्हणून प्यायची आणि जायफळ झोप आणतं म्हणून तेही घालायचं. दोघांचं भांडण पेल्यातच मिटवून टाकायचं. एकात एक नको म्हणणाऱ्या आत्याच्या हे लक्षात आणून दिलं, तर ती म्हणाली, "जायफळ चिमूटभर असतंय. तू वाटीभर तांदूळ घेतलास.")

खरी अडचण प्रमाणाची होती हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी जगाच्या नकाशावर निघालो होतो.

फिलिपिन्समध्ये तांदूळ काळपट होईस्तोवर भाजून पाण्यात उकळतात आणि त्याला चक्क कॉफी म्हणतात, 'कापेंग बिगास'. बिगास म्हणजे तांदूळ. तिथेच गरीब घरांत गरम भातावर कॉफी ओतून पोरांना जेवू घालतात. जपानमध्ये हिरव्या चहात भाजके तांदूळ मिसळतात, गेनमाईचा. महागडा चहा पुरवायला गरिबांनी ही युक्ती काढली असं सांगतात, आणि आज तो चहा आपल्याकडे मोठ्या शहरांत सुबक डब्यांतून विकला जातो. कोरियात भांड्याच्या तळाला लागलेली भाताची खरपूड पाण्यात उकळून जेवणानंतर पितात. मेक्सिकोत तांदूळ भिजवून, दालचिनीबरोबर वाटून, साखर घालून थंड पेय करतात, ओर्चाटा. अमेरिकेतल्या दुकानांत त्यात कडक कॉफी ओततात आणि त्याला 'डर्टी' म्हणजे मळकी ओर्चाटा म्हणतात.

"नावच मळकं," आत्या म्हणाली. मग बराच वेळ गप्प राहिली. तिने विचारलं ते वेगळंच.

"ती भातावर कॉफी ओतणारी. त्यांच्या घरात कालवण नव्हतं म्हणून ओतायची ना?"

"हो. बहुतेक तसंच."

"मंग त्याला तू पाककृती कामून म्हणतोस?"

बाहत्तरच्या दुष्काळात आत्या इथेच होती. धरण होतं, पण पाऊसच नाही तर धरण काय करणार. दुष्काळी कामांवर खडी फोडायला बायका जायच्या. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना तुटायची. पोरांना सुकडी मिळायची. "तवा लोकांनी चिंचोके भाजून खाल्ले," ती म्हणाली. "त्याची चव लई खमंग लागती. पण कुणी खमंग म्हणून नाही खाल्ले. आज तू मला चिंचोक्याची बर्फी करून दिलीस तर मी खाईन, पण हसत नाही खाणार."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी जरा जोरातच दिलं. भुकेतून आलेला प्रत्येक पदार्थ भुकेचाच राहतो असं कुठे आहे? पिठलं कशातून आलं? घरात भाजी नव्हती त्यातून. ठेचा? शिळ्या भाकरीचा कुस्करा? आज लोक तालुक्याच्या ढाब्यावर पैसे मोजून पिठलं-भाकरी खातात. गेनमाईचाचंही तेच झालं. गरिबीने शोधलं म्हणून चांगली चव नाकारायची, हा गरिबांवर दुसऱ्यांदा अन्याय.

"तसं नाही म्हणत मी," आत्या म्हणाली. "पिठल्याला कुणी मटण म्हणलं नाही. पिठलं म्हणूनच खाल्लं. तुझ्या त्या लोकांनी तांदळाला कॉफी म्हणलं. कॉफी नव्हती म्हणून. तू तर कॉफी असून तांदूळ घालायलास. एक ढोंग नाइलाजाचं, दुसरं हौसेचं. दोन्ही ढोंगच."

मी लिहिणारा माणूस, पण हे वाक्य माझं नाही.

आता तिला भेसळीचा राग का, हे हिंगोलीच्या बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. हा हळदीचा जिल्हा आहे. वसमतची, हिंगोलीची हळद देशभर जाते. हळद काढायची, कढईत शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची, मग बाजारसमितीत हळकुंडाच्या ढिगाशी उभं राहून भावाची वाट बघायची. आत्याच्या घरी अडीच एकर हळद असते. आणि हळद पावडरीत भेसळ कशाची होते? रंग तर घालतातच, पण वजन वाढवायला घालतात ते तांदळाचं पीठ. स्वस्त, बारीक, कुणाला न कळणारं. ज्या घराने हळकुंडं विकलीत त्या घरात "चांगल्या वस्तूत तांदूळ मिसळतोय" हे वाक्य उच्चारणं म्हणजे सोनाराच्या घरात पितळेचं कौतुक करणं.

"तांदूळ लई गरीब आहे," आत्या म्हणाली. "कशातबी मिसळतो. म्हणून चोराला आवडतो."

मी स्वयंपाकघरातून कॉफीचा डबा आणला. त्यावरची बारीक अक्षरं तिला वाचून दाखवली. एवढे टक्के कॉफी, एवढे टक्के चिकोरी.

"म्हणजे?"

"म्हणजे तू इतकी वर्षं जिला कॉफी म्हणतेस, तिच्यात एका झाडाचं मूळ भाजून घातलेलं आहे."

चिकोरीची गोष्ट मी तिला सविस्तर सांगितली, कारण ती माझ्या बाजूची होती. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्रजांशी व्यापार तोडला, युरोपात कॉफी मिळेनाशी झाली, फ्रेंचांनी चिकोरीचं मूळ भाजून कॉफीत मिसळलं. नाकेबंदी उठली तरी चव जिभेवर राहिली. आपल्याकडे गुजरातेत तिची शेती होते. दक्षिणेत तर जाणकार लोक मागून घेतात, चिकोरीने कॉफी दाट होते आणि रंग धरते म्हणून. आपल्याकडे विदर्भात तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या बिया भाजून कॉफीसारखं पेय करतातच. म्हणजे कॉफीला सोबत करायची परंपरा आपल्याही मातीत आहे. महाराष्ट्रात खरी कॉफी पिकते ती चिखलदऱ्याला, मेळघाटात. इंग्रजांनी लावलेली. सिद्धेश्वरहून तिथे जायला एक दिवस पुरतो. तरोटा मात्र बांधावरच आहे.

आत्याने डबा हातात घेऊन चष्मा लावला. तिला वाचता येतं, पण ते बारीक अक्षर इंग्रजीत होतं. "किती लिहिलंय? पुन्हा सांग."

मी आकडे पुन्हा सांगितले. कायदाही सांगितला. मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे आणि दोन्हींचं प्रमाण डब्यावर छापलंच पाहिजे.

"छापलंय ना," ती म्हणाली. "मंग ती भेसळ नाही. सांगून केलेली सोयरीक आहे. हळदवाला लिहितो का, तांदूळ इतके टक्के?"

मला वाटलं, आता ती माझ्या बाजूला आली. पण तिने दुसरं दार उघडलं.

"उद्या एकादशी. उद्या सकाळी मला कॉफी लागती, चहा मी एकादशीला पीत नाही. तुझी ही कॉफी उद्या चालेल का?"

मी गप्प बसलो.

हे घर वारकऱ्यांचं. नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यातलं, आणि गुरू करायला नामदेवांना ज्यांच्याकडे जावं लागलं त्या विसोबा खेचरांची गोष्ट औंढ्याच्या नागनाथाच्या देवळातली. अशा घरात एकादशीला शेंगदाणे चालतात, साबुदाणा चालतो, जो परदेशातून आलेल्या कंदाचा आहे. बटाटा चालतो, मिरची चालते, अरबस्तानातून आलेली कॉफी चालते. फक्त घरचा तांदूळ चालत नाही. मी हे सगळं तिला सुनावलं. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात मोख्याहून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या असं सांगतात. यात्रेहून परतलेल्या सुफी फकिराने आणलेली वस्तू विठ्ठलाला चालते आणि तांदूळ चालत नाही, हे कोणतं शास्त्र?

"विठ्ठलाला सगळं चालतं," ती शांतपणे म्हणाली. "नेम माझा आहे. आणि नेमाला हिशेब नसतो, हद्द असती. ही भिंत बघ. तिच्या अल्याड पाणी, पल्याड शेत. भिंतीला विचारशील का, इथंच कामून?"

"मग भगर भाजतो. वरीचे तांदूळ तर उपासाला चालतात. नावातच तांदूळ आहे."

ती खळखळून हसली. इतकी की वहिनी, म्हणजे आत्याची सून, शेतावरून येता येता दारातच थांबली. "भगरीची कॉफी! उद्या साबुदाण्याचा चहा करशील."

वहिनी गावात आशा कार्यकर्ती आहे. तिने दोन मिनिटांत आमच्या दोघांच्याही पायाखालची सतरंजी ओढली. कढईतले तांदूळ कुठले, विचारलं. मी डब्यातून घेतले होते, म्हणजे रेशनचे. ज्वारीच्या या मुलखात आता रेशनमुळे घरोघरी तांदूळ आहे. खाऊन उरतो, त्याचे पापड होतात, डोसे होतात. "दादा, या तांदळात लोह घातलेलं असतं," वहिनी म्हणाली. शंभर दाण्यांमागे एक दाणा पिठापासून बनवलेला, त्यात लोह, फोलिक ॲसिड, बी-१२. गावात अफवा उठली होती की हा प्लास्टिकचा तांदूळ आहे; बायका निवडून टाकून द्यायच्या, ते थांबवायला ती वर्षभर दारोदार फिरली. "आता ते दाणे तुम्ही काळे होईस्तोवर भाजायचे, म्हणजे जीवनसत्त्व गेलं, आणि वरून कॉफी ओतायची, म्हणजे लोह अंगी लागायचं नाही."

तिचं बरोबर होतं. जेवणाबरोबरच्या कॉफीने लोह शोषलं जाण्याचं प्रमाण घटतं, हे १९८३ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. त्यात एका कप कॉफीने ते ३९ टक्क्यांनी घटलं होतं. मी ते प्रामाणिकपणे कबूल केलं, पण त्याच अभ्यासात चहाने ६४ टक्क्यांनी घटलं होतं हेही सांगितलं. वहिनीने हातातला चहाचा कप पाहिला, आणि विषय तिथेच सोडून दिला.

मग आम्ही करून बघितलं, कारण बोलून किती वेळ काढणार.

पहिला प्रयोग फसला, आणि फसायलाच हवा होता. आत्या म्हणाली भाजलेले पुरे झाले, कच्चा तांदूळ वाटून ओर्चाटासारखं कर. मी रात्रभर भिजवायचं सोडून तासभर भिजवला, मिक्सरला बारीक केला, गाळला, दुधात घालून उकळला आणि कॉफी टाकली. पाच मिनिटांत चमचा उभा राहायला लागला. ओर्चाटा उकळत नाहीत, ती थंडच असते, हे मी विसरलो होतो. तांदळाचा स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि पाणी धरून बसतो, मग दूध असो की कॉफी.

आत्याने चमचा वर धरला. "ही खळ झाली. तुझ्या धोतराला लाव."

"मी धोतर नेसत नाही."

"मंग आधी नेसायला शीक, मग कॉफी कर."

दुसऱ्या वेळी भाजलेले तांदूळ घेतले, आणि इथे तिने मला काहीतरी शिकवलं. मामा शेवटच्या आजारात होते तेव्हा ती त्यांना पेज करायची ती आधी तांदूळ कोरडे भाजून. भाजलेल्या तांदळाची पेज पातळ राहते, पोटाला हलकी जाते. का, ते तिला सांगता येईना, मला आलं. कोरड्या आचेवर स्टार्चच्या लांब साखळ्या तुटून तुकडे होतात. ते तुकडे पाणी तेवढं धरत नाहीत, म्हणून खळ होत नाही. आयुर्वेदात लाह्यांचा मंड रुग्णाला देतात त्यातही धान्याला आधी कोरडी आचच लागलेली असते. तिच्या हाताला जे माहीत होतं ते मी पुस्तकात वाचलं होतं. दोघांचं एकदम जुळलं तेव्हा आम्ही दोघेही जरा ओशाळलो, भांडणात मध्येच एकमत झाल्यासारखं.

तर भाजके तांदूळ जाडसर भरडले. (काहीजण कॉफीची चक्की साफ करायला कोरडे तांदूळ दळतात. तसं मिक्सरला चालतं. महागड्या चक्कीला करू नका, कच्चा तांदूळ कॉफीच्या भाजक्या बीपेक्षा फार कडक असतो.) तीन चमचे भरड, दोन कप पाणी, मंद आचेवर दहा मिनिटं. फडक्याने गाळलं. रंग तांबडा, थेट कॉफीचा नाही, वास भाकरीच्या पापुद्र्याचा. मग खाली उतरवून एक चमचा कॉफी. कॉफी उकळली की कडू होते, म्हणून ती शेवटी. गूळ घातला, दूध नाही. जायफळ आत्याने न विचारता किसलं.

तीन पेले केले. वहिनीने जेवणानंतर दोन तासांनी पिईन म्हणून झाकून ठेवला. मी प्यालो आणि मला आवडलं. कॉफीचा तुरटपणा कमी झाला होता, मागे भाजक्या धान्याचा गोडवा राहत होता, आणि पोट भरल्यासारखं वाटत होतं. दिवेलागणीला असं काही मिळालं तर कॉफीपेक्षा बरं, कारण कॉफी चौथाई आहे आणि तांदळात कॅफिन नसतं, त्यामुळे रात्री झोप जायची भीती कमी.

आत्याने सावकाश, चार घोटांत संपवलं. पेला उपडा केला.

"पेज म्हणून चांगली आहे," ती म्हणाली. "कॉफी म्हणून नाही."

"म्हणजे आवडली."

"आवडली म्हणलं का मी? चांगली आहे म्हणलं."

मग मी खिरीचा विषय काढला. पितृपक्षात तांदळाची खीर लागतेच, त्यात थोडी कॉफी घातली तर? यावर ती खरोखर चिडली. खीर पितरांची असते, तिच्यात आपली हौस घालायची नसते. माझ्या आजोबांना चहा आवडायचा, मग चहाची खीर करणार का? विडी आवडायची त्याचं काय करणार? वाद तिथे थांबला. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं तर नकोही होतं. एरवीच्या खिरीत, कुणाचा दिवस नसताना, घालून बघा असं मी वाचकांना सांगेन. दूध आटल्यावर, खाली उतरवून, अर्धा चमचा, वेलदोडा न घालता. पण सिद्धेश्वरला जाऊन सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. सकाळी आत्याने तिची नेहमीची कॉफी केली, मला दिली, स्वतः घेतली. मी निघायच्या तयारीत होतो. उरलेली भरड आणि कॉफी मी रात्री एकत्र करून एका डब्यात भरून ठेवली होती, फळीवर साखरेच्या मागे. पाणी प्यायला गेलो तर तो डबा पुढे आणून ठेवलेला दिसला. वहिनीच्या प्रथमोपचाराच्या पेटीतली पांढरी चिकटपट्टी त्यावर लावली होती, आणि तिच्यावर आत्याच्या ठळक, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं :

भाजका तांदूळ ३, कॉफी १. एकादशीला नाही.